पुरुमेंतातली बरणी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या मांद्रेच्या घरात माजघरातून वाट काढत चालावं लागतं. म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या कांद्याच्या माळा वाशाला टांगलेल्या असतात. सुपांत सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत पडलेली असतात, एका कोपऱ्यात मिठाची गोण, दुसऱ्यात उकड्या तांदळाची. चिंचेचे गोळे मीठ लावून बरणीत जातात, सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, बाटलीत जातात आणि बाटलीच्या तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट बसतो. याला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी. शब्द पोर्तुगीज, काम मात्र त्याच्या कितीतरी आधीचं.

या पसाऱ्यात गेली काही वर्षं माझा एक बटर पेपर असतो. त्यावर पीठ-पाण्याचं पातळ सारवण घातलेलं, पंख्याखाली, सावलीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या कडा वर वळतात आणि कागद जरा वाकवला की ते कडकड मोडतं. ते पापुद्रे मी हातानेच चुरते, कोरड्या बाटलीत भरते, वर तारीख लिहिते आणि बाटली सुंगटांपासून लांब, मेथीच्या डब्याशेजारी ठेवून देते. पावासाठी लागणारा सावरडो स्टार्टर, म्हणजे घरचं खमीर, त्याची ही वाळवण. खरी बरणी फ्रिजमध्ये असते. पण पावसाळ्यात फ्रिजच्या भरवशावर राहायचं नाही, हे मी एकदा फार वाईट तऱ्हेने शिकले आहे. ते पुढे सांगते.

पहिल्या वर्षी सासूबाईंनी विचारलं होतं, सोलं उन्हात, मिरच्या उन्हात, मग हे एकटंच सावलीत का? प्रश्न बरोबर होता. मे महिन्यात आमच्या पत्र्यावर ठेवलेलं ताट हातात धरवत नाही, इतकं तापतं. सोलांमधलं पाणी काढायचं असतं, बस्स. इथे पाणी काढायचं आणि आतला जीव ठेवायचा. पन्नास-साठ अंशांच्या घरात यीस्ट मरतं. म्हणून सावली, पंखा, आणि शक्य तितका पातळ थर, म्हणजे ते मधल्या मध्ये कुजण्याआधी वाळतं.

मुळात ही बरणी माझी नव्हती.

आमच्या मागच्या खोलीत एक जर्मन बाई दरवर्षी नोव्हेंबर ते एप्रिल राहायला यायच्या. त्यांची ती चौथी खेप. छोटा ओव्हन त्यांनी इथेच विकत घेतला होता, आणि आठवड्यातून दोनदा मागच्या पडवीतून राईच्या काळपट पावाचा वास यायचा, थोडा ताकासारखा, थोडा भाजलेल्या कॉफीसारखा. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. त्यांच्या देशाने खास विमान पाठवलं, त्यांना संध्याकाळी फोन आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. रात्री त्या पुढच्या दारी आल्या. खोलीची किल्ली, राईच्या पिठाचं अर्धं पाकीट आणि काचेची एक बरणी त्यांनी माझ्या हातात दिली. बरणीवर पांढरी चिकटपट्टी, त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. सोबत एक चिठ्ठी: रोज एकदा, एक भाग हे, एक भाग पीठ, एक भाग पाणी. म्हणाल्या, सप्टेंबरात येते, तोवर एवढी सांभाळ, जिवंत आहे.

कुणी गावाला जाताना तुळशीला पाणी घालायला सांगून जातं, तसं मी हो म्हटलं. तुळस नि पाणी यापलीकडे त्यात काही असेल असं मनात आलं नव्हतं. पण दुसऱ्याची ठेव घरात असली की झोप पातळ होते. रात्री पाणी प्यायला उठले तरी माझा एक डोळा बरणीकडे जाऊ लागला.

आणि ती माझ्या देखत खंगत गेली. चिठ्ठीप्रमाणे मी रोज सकाळी आठला तिला खाऊ घालत होते, अगदी काट्यावर तोलून. बारा वाजेपर्यंत ती फुगून काठाला यायची, दुपारी खाली बसायची, आणि संध्याकाळी बघावं तर ताकापेक्षा पातळ. आठवड्याभरात वर करड्या पाण्याचा थर साचायला लागला. झाकण उघडलं की नखांच्या रंगाच्या बाटलीसारखा वास नाकात जायचा. राईचं पीठ संपलं होतं, दुकानं अर्धवेळ उघडी, म्हणून घरच्या चपातीच्या पिठावर चालवलं होतं. मला वाटलं, पिठाने घात केला. त्यातून केलेला पाव चुलीपाशी ठेवायच्या विटेसारखा झाला, आणि आतून चिकट.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्या सहसा मध्ये बोलत नाहीत. एका रात्री त्यांनी बरणी उचलली, हुंगली आणि म्हणाल्या, "भूक लागल्या गो ताका." म्हणजे, त्याला भूक लागली आहे. मग मला विचारलं, की मे महिन्यात दुधाला विरजण किती लावतेस? मी म्हटलं, टिपूसभर. आणि पौषात? चमचाभर, वर भांडं फडक्यात गुंडाळून. त्यांनी बरणी खाली ठेवली आणि त्या निजायला गेल्या. पुढचं काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

चिठ्ठी थंड मुलखातल्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली होती. तिथे वीस अंशांत एकास एक दिलेलं खाणं दिवसभर पुरतं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी तेहतीस-चौतीस, आणि रात्रीही स्वयंपाकघर अठ्ठावीसच्या खाली उतरत नाही. स्टार्टरमध्ये दोन प्रकारची प्रजा एकत्र नांदते. यीस्ट पीठ फुगवतं, आणि लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू ते आंबवतात, दह्यातल्याच जातकुळीतले. यीस्टला पंचवीस-सत्तावीस अंश बरे वाटतात. जीवाणूंना त्याहून चार-पाच अंश जास्त हवे असतात. म्हणजे गोव्याच्या उन्हाळ्यात आंबणं पुढे धावतं आणि फुगणं मागे राहतं. आम्ल फार वाढलं की पिठातला चिवटपणा तुटतो, म्हणून ते पातळ होतं. यावर उपाय विरजणाचाच: बी थोडं, दूध जास्त. दुसऱ्या दिवशी मी बरणीतलं फक्त पाच ग्रॅम ठेवलं, त्यात पंचवीस ग्रॅम पीठ आणि पंचवीस ग्रॅम माठातलं पाणी घातलं. रात्री आठला घातलेलं सकाळी सहाला घुमटासारखं वर आलेलं होतं. मी ते बघत नुसती उभी राहिले.

तेव्हापासून तिथी पाळावी तशी मी ऋतू पाळते. मे महिन्यात एकास दहा. डिसेंबरात, मांद्रेत पहाटे वीस-एकवीस अंश असतात तेव्हा, एकास तीन पुरे. पावसात एकास पाच. आकड्यांना मी फार जवळ करत नाही, तरी सुरुवात करणाऱ्याला एवढे आकडे हाताशी हवेत. बाकी बरणी सांगते.

ती कशी सांगते, ते मला सावकाश लिहायचं आहे, कारण माहितीच्या चिठ्ठ्या नेमक्या याच जागी घाई करतात.

माझी बरणी उभट आहे, सरळ भिंतींची. लोणच्याची असते तशी पोटाची असली तर आतलं किती वर आलं ते कळत नाही. खाऊ घातल्यावर मी पातळीवर रबरबँड लावते. पहिला तासभर काहीच नाही. मग काचेला टेकलेल्या बाजूने मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागतात, आधी तळाशी. ते वाढत वाटाण्याएवढे होतात, आणि मधलं पीठ आंबोळी पहिल्यांदा तव्यावर पडते तेव्हा असते तसं जाळीदार दिसतं. माथा आधी फुगीर असतो. तो सपाट होऊ लागला की समजायचं, पोट भरलं. मध्ये खळगा पडला आणि काचेवर वरपर्यंत पिठाचे ओघळ राहिले, म्हणजे वेळ टळून गेली. पाव करायचा तर सपाट होण्याच्या थोडं आधी, माथा जेमतेम फुगीर असताना. चमचाभर पाण्यात टाकलं तर तेव्हा ते तरंगतं. पण तरंगण्याच्या परीक्षेवर माझा फारसा विश्वास नाही. घट्ट गव्हाचं पीठ कधी कधी तयार असूनही बुडतं. नाक जास्त खरं बोलतं. तयार असेल तर पिकलेल्या फळाचा, मानकुराद आंब्याच्या देठाजवळ येतो तसा वास येतो, आणि त्याखाली ताक. भुकेलं असेल तर नुसता शिरका, म्हणजे व्हिनेगर.

वरचं करडं पाणी पाहून घाबरायचं नाही. ते भुकेचं पाणी आहे, थोडा मद्यार्क उतरलेला असतो त्यात. ओतून टाका नाहीतर ढवळून घ्या, आणि खायला घाला. घाबरायचं ते रंगाला. गुलाबी, केशरी रेघ किंवा लोकरीसारखी बुरशी दिसली की बरणी रिकामी करून उकळत्या पाण्याने धुवायची. वरचं काढून खालचं ठेवू, हा मोह इथे चालत नाही.

फ्रिजमध्ये ठेवायचं तर आधी खाऊ घालून, तासभर बाहेर राहू देऊन, मग आत. चार-पाच अंशांत सगळं मंदावतं, पण थांबत नाही. आठवड्याने, फार तर दोन आठवड्यांनी बाहेर काढून खायला घालावंच लागतं, आणि पाव करायच्या आधी दोन वेळा. मी ते थोडं घट्ट ठेवते, पिठाच्या निम्म्याने पाणी. घट्ट पिठात सगळ्यांची चाल मंद होते. इटलीतले बेकर असा घट्ट गोळा फडक्यात बांधून ठेवतात. आणि साठवायचं तीस ग्रॅम, तीनशे नव्हे. सुरुवातीला मी बरणी भरभरून वाढवत होते, जास्त असलं की सुरक्षित वाटायचं. उलट असतं. जास्त असलं तर त्याला पोटभर खायला घालणं परवडत नाही, मग सगळंच अर्धपोटी राहतं.

काढून टाकावं लागतं त्याचं काय, हा आमच्या घरात मोठा प्रश्न होता. अन्न टाकायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा आहे. त्यांनी तो प्रश्न एका दिवसात सोडवला. आमच्याकडच्या डोशासारख्या पोळ्यांसाठी तांदूळ-उडदाचं पीठ वाटलेलं असायचं, त्यात त्यांनी बरणीतलं काढलेलं ओतून टाकलं. घावण्यांत, भज्यांत, थालीपिठात, कुठेही. पोळ्यांच्या कडा त्यामुळे जास्त कुरकुरीत होतात, असं त्यांचं मत. माझंही.

आणि त्यामुळेच ती बरणी वाचली.

गोव्यात पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा म्हणून तो काहीच सांगत नाही. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला पांढरं केस आलेलं दिसतं, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना हिरवे ठिपके, आणि मीठ बशीत पाणी होऊन बसतं, तेव्हा तो कळतो. अशाच एका जुलैत माड पडून तारा तुटल्या आणि दोन दिवस, दोन रात्री वीज नव्हती. मी मुलीकडे पुण्याला गेले होते. आले तर फ्रिज कोमट, आणि बरणीच्या गळ्याशी, जिथे पिठाचे जुने ओघळ वाळून राहिले होते, तिथे केसाएवढी गुलाबी रेघ. चूक माझी होती. दर वेळी कडा खरवडून खाली घ्यायच्या, किंवा बरणीच बदलायची, हे मी टाळत आले होते. बुरशी आधी गळ्यालाच धरते, कारण तिथे पीठ असतं पण आम्ल पुरेसं नसतं. खालचं आंबट असतं, तेच त्याचं संरक्षण.

मी ते सगळं मागच्या परसात ओतलं. बरणी धुताना माझे हात थरथरत होते. दीड वर्ष सांभाळलेली दुसऱ्याची वस्तू. त्या बाईंना काय कळवायचं, हे मनात घोळत होतं. त्यांचे संदेश तोवर महिन्यातून एखादा यायचे, आणि प्रत्येकात शेवटी बरणीची चौकशी असायची.

सासूबाईंनी पोळ्यांच्या पिठाचं पातेलं पुढे सरकवलं. त्या पातेल्याची एक रीत आहे. ते कधीही पूर्ण रिकामं होत नाही. तळाशी मूठभर जुनं पीठ ठेवूनच नवं वाटण त्यात पडतं, म्हणजे पावसात आंबायला वेळ लागत नाही. जूनभर त्यात माझ्या बरणीतलं पडत आलं होतं, गुलाबी रेघ यायच्या कितीतरी आधीपासून. मी त्यातले दोन चमचे घेतले, गव्हाचं पीठ घातलं. पहिल्या दिवशी भरपूर बुडबुडे आले आणि मी हुरळले. तिसऱ्या दिवशी सगळं चिडीचूप. हे असं होतं, नव्याने सुरू करणाऱ्यांनाही होतं. आधी भलतेच जीवाणू उड्या मारतात, आम्ल वाढलं की ते मरतात, आणि यीस्टची पाळी यायला अजून अवकाश असतो. त्या मधल्या शांततेत पुष्कळ लोक बरणी फेकतात. मी फेकली नाही. रोज थोडं काढायचं, थोडं घालायचं. मूठभर नाचणीचं पीठही घातलं, कोंडा असलेल्या पिठात त्यांना खाणं जास्त मिळतं. आठव्या दिवशी ती चार तासांत दुप्पट झाली.

पण वास तोच नव्हता. थोडा उडदाचा, थोडा आमच्या पातेल्याचा. पांढरी चिकटपट्टी मी जुन्या बरणीवरून सोडवून नव्या बरणीला लावली होती. ती लावताना माझा हात थोडा अडखळला होता.

हे माझं मन पुढे बरेच दिवस खात होतं. मग मी वाचत गेले. २०२१ मध्ये चार खंडांतल्या पाचशे स्टार्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निघालं, की स्टार्टर कुठल्या गावचा, यावर आतली प्रजा फारशी ठरत नाही. म्हणजे गोव्याच्या खाऱ्या हवेने माझ्या पावाला चव येते असं कुणी म्हटलं, तर मला ते खोडावं लागेल, कितीही गोड वाटलं तरी. पण त्याआधीच्या वर्षी छापून आलेला दुसरा एक प्रयोग मला जास्त जवळचा वाटतो. बेल्जियममधल्या सांक्ट व्हिथ गावात सावरडोचं एक संग्रहालय आहे, २०१३ पासूनचं. देशोदेशींच्या शंभरावर बरण्या तिथे फ्रिजमध्ये जपून ठेवल्या आहेत. तिथे वेगवेगळ्या देशांचे पंधरा बेकर जमवले. सगळ्यांना एकच पीठ, एकच कृती. तरी स्टार्टर वेगवेगळे. बेकरांच्या हातांवरचे जीवाणू तपासले, तर सर्वसाधारण माणसाच्या हातावर क्वचित सापडणारे पिठातलेच जीवाणू त्यांच्या हातांवर दाटीने होते. पिठाने हात बदलले होते आणि हातांनी पीठ.

आपल्याकडे याला हातगुण म्हणतात. तीच डाळ, तेच मीठ, पण आईच्या हातची आमटी वेगळी. मी हा शब्द आयुष्यभर कौतुकाचा म्हणून वापरला. तो इतका शब्दशः खरा असेल, असं वाटलं नव्हतं.

आता पदेराबद्दल, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याबद्दल, कारण त्याच्याशिवाय गोव्यात पावावर लिहिणं अपुरं आहे. आमच्या घरात पाव उशिरा आला. आमचं मांद्रे पेडण्यात, आणि पेडणं नव्या काबिजादीतलं, म्हणजे पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकाच्या अखेरीस गेलेलं. सासूबाईंच्या सासूबाई पावाला स्वयंपाकघरात येऊ देत नसत. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी त्यांच्या कानांवर लहानपणापासून होत्या, आणि त्या भीतीला मी हसत नाही. मुलांनी पाव खायचा तो पडवीत बसून, चहात बुडवून, आणि मग चूळ भरून आत यायचं. आज त्याच घरात फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याला खेटून पावाचं खमीर बसतं. सासूबाईंनीच ते तिथे ठेवलं आहे.

सायकलचा भोंगा पों-पों वाजवत सकाळी-संध्याकाळी येणारे आमचे पदेर साठीच्या पुढचे आहेत. काकणं, उंडे, कोंड्यात घोळलेली पोई. मी एकदा त्यांना बरणी दाखवली. त्यांनी हुंगून विचारलं, सूर, म्हणजे माडाची ताडी, आहे का यात? मग सांगत बसले. त्यांच्या वडिलांच्या काळी भट्टीवर यीस्टचं पाकीट नव्हतं. संध्याकाळी रेंदेर, म्हणजे माडावर चढून सूर काढणारा, ताजी सूर आणून द्यायचा, तीत पीठ मळायचं, रात्रभर ठेवायचं, पहाटे भट्टीत. पोर्तुगालसारखं खमीर इथे मिळेना, तेव्हा पाद्र्यांनी माडाच्या सुरेवर पाव फुगवला, ही साष्टीतल्या माजोर्ड्याची गोष्ट गोव्यात सगळे सांगतात. मला त्यात एक जुना धागा दिसतो. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, की गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, आणि स्पेनमधले लोक धान्याच्या मद्यावरचा फेस पावाला लावतात, म्हणून त्यांचा पाव हलका होतो. त्याच बाजूची माणसं दीड हजार वर्षांनी आमच्या किनाऱ्यावर उतरली आणि इथल्या पेयाकडे वळली.

मी पदेरांना विचारलं, की तुमचे वडील खमीर साठवायचे कसे? त्यांना प्रश्नच कळला नाही. साठवायचं कशाला? रेंदेर रोज येतो की.

त्या उत्तराने मला हलवलं. आमच्या वाड्यावर आता एकच रेंदेर उरलेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या माडाखाली जाऊन उभी राहिले. कमरेला कोयती, पाठीशी सूर साठवायचं दुदिणं. माडाच्या खाचांत पाय रोवत ते वर गेले. माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, दोरीने करकचून बांधलेली असते आणि तिच्या टोकाला मडकं. सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायची, दुपारी चढून पोयीच्या टोकाची चकती तासायची, म्हणजे वाट बुजत नाही. दिवसातून तीनदा. मडकं ते उपडं करतात, पण घासून लख्ख करत नाहीत. त्याच्या भिंतीला कालचं राहिलेलं असतं, आणि आजचा रस त्यात पडता पडताच आंबू लागतो. मला सासूबाईंचं पातेलं आठवलं. मूठभर जुनं तळाशी.

म्हणजे पदेराची बरणी माडावर होती. तिला खायला घालायला एक माणूस दिवसातून तीनदा चढत होता. ज्या मुलखात माड नाही तिथे लोकांनी फडताळात बरण्या ठेवल्या. आम्हाला त्यांची गरज नव्हती, कारण ती राखण एका अख्ख्या जमातीने पायांवर पेलली होती. रेंदेर कमी झाले, कारण चढणं जोखमीचं, मोबदला थोडा, आणि मुलं शिकून दुसरीकडे लागली. याबद्दल त्या मुलांना कुणी बोल लावू नये. पण सूर गेली तेव्हा भट्टीवर पाकीट आलं आणि पोईचा वास बदलला, हे मला दुःखाने लिहावं लागतं. सरकारी कागदांत पदेर आणि रेंदेर ही दोन वेगळी कामं असतील. पावाच्या बाजूने बघितलं तर ते एकच काम होतं.

काकांनी मला तांब्याभर सूर दिली, पैसे घेतले नाहीत. ती गार होती, दुधाळ, फसफसणारी, गोड आणि किंचित आंबट. तीत मी अर्धा किलो पीठ मळलं, पाणी अजिबात घातलं नाही. चार तासांत ते टोपाबाहेर आलं. माझी बरणी एवढ्या वेगाने कधीच धावत नाही. पाव मऊ झाला, कवच पातळ, चवीला नारळाच्या पाण्याची आठवण असलेला गोडवा. घरातल्या सगळ्यांना तो बरणीच्या पावापेक्षा आवडला, मलाही. उरलेली सूर मी दुसऱ्या दिवसासाठी ठेवली, तर तोवर ती शिरक्याच्या वाटेला लागलेली. ती साठवायची वस्तू नाही. आजची आजच.

त्या जर्मन बाई आल्या नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरात पर्यटकांचे व्हिसा पुन्हा सुरू झाले तेव्हा मी खोली झाडून ठेवली होती. पुढच्या उन्हाळ्यात संदेश थांबले, आणि त्यानंतर त्या क्रमांकावर काही पोचत नाही. त्यांचा ओव्हन मीच वापरते. चिकटपट्टीवरची पेन्सिल पुसट झाली आहे. त्यावर काय लिहिलं होतं ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता दोनच अक्षरं लागतात. बरणी बदलली की पट्टी मी अजून सोडवून नव्या बरणीला लावते. तिचा डिंक कधीच गेला आहे, म्हणून वरून दुसरी पट्टी.

यंदा पाऊस जोराने लागला. पहिल्याच आठवड्यात रात्री वीज गेली, ती दुसऱ्या दुपारपर्यंत आली नाही. मी बरणी बाहेर काढली. कंदिलाच्या उजेडात चमचाभर काढून घेतलं, त्यात कोरडं पीठ चोळत चोळत कणकेपेक्षा घट्ट गोळा केला, धोतराच्या धुतलेल्या तुकड्यात बांधला आणि पिठाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. असा तो दोन-तीन दिवस कुठल्याही थंडाव्याशिवाय तग धरतो. बरणीत उरलेल्याला भरपूर पीठ घातलं, काठ फडक्याने पुसला, मुंग्यांसाठी ती पाण्याच्या बशीत उभी केली.

सासूबाईंना आता नीट दिसत नाही. सकाळी त्या चाचपडत ओट्याशी आल्या, बरणी हातात घेतली, झाकण उचलून नाकाशी धरली. पीठ मळू का, म्हणून मी विचारलं. त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं.

"आज न्हय," त्या म्हणाल्या. "फाल्यां." आज नाही, उद्या.

मी बरणी परत बशीत ठेवली आणि पोळ्यांसाठी तवा तापत टाकला.